परस्पर मार्गदर्शन गट : अल्प खर्चात आत्मविकास

परभणीत 'कोचिंग' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर शिकवणी वर्गाची पाटी व शुल्काची पावती उभी राहते. परंतु शिक्षण संपवून नोकरी-व्यवसायात पाऊल टाकलेल्या माणसाला मार्ग दाखविणारे सहसा कोणी नसते. नव्याने रुजू झालेली शिक्षिका, लहान दुकानदार, रुग्णालयातील परिचारिका, कर्जाच्या विवंचनेतील शेतकरी हे सर्वजण आपापले निर्णय एकाकीपणे घेत असतात. महानगरांतील व्यावसायिक मार्गदर्शकाचे मानधन त्यांना परवडणारे नाही. अशा सहा जणांनी एकत्र येऊन परस्परांचे मार्गदर्शक व्हावे, हा त्यावरील साधा उपाय होय.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना रेग रेव्हन्स यांनी तज्ज्ञांच्या व्याख्यानांऐवजी लहान गटांत बसवून एकमेकांच्या अडचणी तपासावयास लावले. त्यापूर्वीच, १९२५ साली, बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांच्या चळवळीत 'पाहा, पारखा, कृती करा' ही पद्धत रुजविली होती. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला.

आपल्या जिल्ह्याला तर ही रीत मुळीच परकी वाटू नये. महिला बचत गटांची नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड व हिशेबाची नोंद ही पंचसूत्री गावोगावी परिचित आहे. १९८९ साली इंडोनेशियाच्या भातशेतीत सुरू झालेली शेतीशाळाही आपल्याकडे पोहोचली आहे. तेथे शेतकरी बांधावर उभे राहून कीड स्वतः मोजतात आणि फवारणी करावी की नाही याची आपसांत चर्चा करतात. आपल्या गटाने बचत गटाकडून शिस्त घ्यावी आणि शेतीशाळेकडून निरीक्षण.

खरी अडचण पैशाची नसून स्वभावाची आहे. आपल्याकडे सल्ला न मागताच मिळतो! समजा, सेलूच्या एका शिंपी भगिनीने दुसरे शिलाई यंत्र कर्जाने घ्यावे काय, हा प्रश्न गटापुढे मांडला. "ताई, घेऊन टाका" किंवा "कर्जाच्या भानगडीत पडू नका" ही दोन उत्तरे तत्क्षणी येतील व दोन्ही निरुपयोगी ठरतील. त्याऐवजी गटाने विचारावे : गेल्या तीन महिन्यांत वेळेअभावी किती गिऱ्हाइके परत गेली? दुसऱ्या यंत्रावर बसणार कोण? लग्नसराई नसलेल्या महिन्यांत हप्ता कशातून भरणार? उत्तरे देता देता त्या भगिनीलाच कळेल की, परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंद आपण कधी ठेवलीच नाही. मग पुढील पंधरा दिवस ती नोंद ठेवणे एवढाच तिचा संकल्प. तो वहीत लिहावा आणि पुढील बैठकीत प्रथम त्याचीच विचारणा व्हावी. ही विचारणा नसेल, तर गटाचे रूपांतर गप्पांच्या अड्ड्यात होण्यास वेळ लागत नाही.

बैठक पंधरवड्यातून एकदा, दीड तासाची असावी. पहिली पंधरा मिनिटे मागील संकल्पांसाठी, नंतर दोघांना प्रत्येकी अर्धा तास, शेवटची पंधरा मिनिटे नव्या संकल्पांसाठी. सहा जणांच्या गटात प्रत्येकाची पाळी दीड महिन्याने येते. वेळ पाळण्याचे काम आळीपाळीने करावे. कायमचा अध्यक्ष नेमू नये. सुटीच्या दिवशी शाळेची खोली, वाचनालय वा चर्चचे सभागृह मागितल्यास सहसा मिळते. प्रत्येकी वीस रुपयांत चहा व वहीचा खर्च भागतो. शेतकऱ्यांच्या गटाचा प्रारंभ दिवाळीनंतर करावा; पेरणीच्या जून-जुलैत किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत सुरू केलेला गट तिसऱ्या बैठकीपर्यंतही टिकणे कठीण. महिलांना सोयीची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी.

गुप्ततेविषयी मात्र काटेकोर असावे. परभणी, गंगाखेड यांसारख्या गावांत सारेच एकमेकांना ओळखतात. बैठकीत बोललेले संध्याकाळी चौकात ऐकू आले, तर गट संपलाच म्हणून समजावे. वरिष्ठ व त्याच्या हाताखालचा कर्मचारी यांना एकाच गटात घेऊ नये. सदस्यांनी आपसांत उसनवारी करू नये. त्यासाठी बचत गट आहेत.

या गटाची मर्यादाही ओळखावी. व्यसन, तीव्र नैराश्य वा जीव देण्याचे विचार हे प्रश्नोत्तरांनी सुटणारे विषय नव्हेत. अशा सदस्याला एकटे न सोडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.

प्रारंभी सहा महिन्यांचीच मुदत ठरवावी. त्या अवधीत बारा बैठका होतात व प्रत्येकाला चार वेळा संधी मिळते. मुदतीअखेर वही उघडून किती संकल्प पूर्ण झाले ते मोजावे आणि पुढे चालू ठेवावयाचे की थांबावयाचे, याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा.