खोक्यातलं लिंबूपाणी

‘एलएमएन’ नावाचं लिंबूपाणी आठवतंय का कुणाला? २००९ साली पारले अ‍ॅग्रोनं ते बाजारात आणलं. त्याच वर्षी पेप्सीचं ‘निंबूझ’ही आलं. याच पारले अ‍ॅग्रोनं १९८५ साली फ्रूटी काढून पोरांना खोक्यातला आंबा नळीनं ओढायला शिकवलं होतं. आता पाळी थोरामोठ्यांची होती. घरोघरी पाहुण्याला सहज मिळणारं लिंबूपाणी आम्ही विकत घेऊन प्यायचं, तेही खोक्यातून!

आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडायचा. फाटकाशी एका मामांची सरबताची गाडी असे. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वर बर्फ. दुपारी चारला ग्लासांचा ट्रे आत येई. मग कुणीतरी शंका काढली, ‘बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण जाणे!’ मी शिपायाला पाठवून खोकी मागवली. कागद, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम असे थरावर थर. जंतूंना शिरकाव नाही. शंका मिटली.

आठवडाभरानं मामा अर्ज घेऊन आले. दहा हजारांचं कर्ज हवं होतं. पाण्याचा फिल्टर आणि बर्फाची नवी पेटी घ्यायची होती.

‘जामीनदार कोण?’ मी विचारलं.

मामांची नजर माझ्या टेबलावरच्या खोक्यावर गेली. ‘राहू द्या साहेब,’ म्हणाले आणि उठले. पुढच्या उन्हाळ्यात गाडी दिसली नाही.

मी केलं ते शाखेच्या रीतीला धरूनच होतं. पण आमच्याच शंकेवरचा उपाय तो माणूस मागत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे एलएमएनही आमच्या दुकानांतून दिसेनासं झालं. २०२० साली केंद्र सरकारची ‘पीएम स्वनिधी’ योजना आली. फेरीवाल्यांना विनातारण कर्ज, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत. पेपरातला तो आकडा मी कितीतरी वेळ पाहत बसलो.

परवा लिंबू पिळताना हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘कादंबऱ्यांत एवढी माणसं लिहिलीत. त्या मामांचं नाव काय होतं हो?’

मला सांगता येईना. खोक्यावरचं नाव चोख लक्षात होतं. मामांनी त्यांचं नाव अर्जावर लिहिलं होतं. मी तो अर्ज उघडलाच नव्हता.