कोपरगावच्या पेशव्यांचा वस्ताद

पेशवे राघोबादादा 1783 मध्ये कोपरगावी वारले. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव. त्याच्या पदरचे वस्ताद बाळंभटदादा देवधर मूळचे नाशिककडच्या कोठुऱ्याचे. मल्लखांबाला नवं आयुष्य देणारा माणूस म्हणून आखाडे आजही त्यांचंच नाव घेतात.

निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान कोणी घेईना, तेव्हा हा कोवळा भटजी पुढे झाला, अशी कथा सांगतात. त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबने माघार घेतली म्हणे. तपशील आख्यायिकेचेच आहेत. मात्र मल्लस्तंभाचा, म्हणजे मल्लखांबाचा, उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही सापडतो, म्हणजे बाळंभटदादांनी खेळ शोधला नाही, मागे पडलेला वर काढला.

खांब सागवानी किंवा शिसवी, वर निमुळता होत गेलेला. त्याला एरंडेल चोळतात. खेळाडू मांड्यांच्या कैचीत खांब धरतो, हात सोडतो आणि डोकं खाली करून तोलतो. अढी, तेढी, बगली, दसरंग ही त्याची बाराखडी. जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा याने 2012 आणि 2016 ची ऑलिंपिक सर्वांगीण सुवर्णं सहा साधनांवर मिळवली. इथे सगळी कसरत एकाच खांबावर!

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिनला मल्लखांबासह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मुंबईचे मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा मात्र 2013 मध्ये दिला तो मध्य प्रदेशाने.