‘पाककला’ आणि ‘पाककृती’: एका स्पर्धानामाचा अर्थविचार

महिला मंडळे, उत्सवसमित्या व नियतकालिके यांच्या निवेदनांत ‘पाककला स्पर्धा’ आणि ‘पाककृती स्पर्धा’ ही नावे बहुधा एकाच अर्थाने योजिली जातात. वस्तुतः दोहोंत परीक्षणाचा विषयच भिन्न आहे.

‘पाक’ हा ‘पच्’ धातूपासून सिद्ध झालेला शब्द; शिजविणे हा त्याचा मूळ अर्थ. नित्याच्या मराठीत मात्र सुटा ‘पाक’ म्हणजे साखरेचा किंवा गुळाचा, एकतारी वा दोनतारी. मूळ अर्थ ‘स्वयंपाक’ या समासात टिकला. तेथे ‘स्वयं’ क्षीण झाला, एरवी ‘स्वयंपाकीण ठेवणे’ हा वदतोव्याघातच ठरता!

‘पाककला’ म्हणताच चौसष्ट कलांचे स्मरण होते. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील यादीत मात्र हा शब्द नाही, तेथे ‘विचित्रशाकयूषभक्ष्यविकारक्रिया’ असा भारदस्त समास आढळतो. कला कर्त्याच्या ठायी वसते. म्हणून पाककला स्पर्धेत करणाऱ्याचा हात जोखला जावा, हे शब्दास धरून आहे.

‘कृती’ची गोष्ट निराळी. ‘सूपशास्त्र’ (१८७५) पासून कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) आणि पुढेही पाकविद्या मुद्रित होत गेली. पाकपुस्तकांच्या रूढ मांडणीत आधी ‘साहित्य’ व मग ‘कृती’ येते. ही कृती म्हणजे करण्याचा लिखित क्रम. तो कर्त्यापासून विलग होऊ शकतो, टपालाने धाडता येतो, दुसऱ्याच्या चुलीवर पडताळून पाहता येतो. पुढे लक्षणेने तयार पदार्थासही ‘पाककृती’ म्हणू लागले, आणि घोटाळा तेथेच उद्भवला. पाककृती स्पर्धा म्हणून जाहीर करावयाचे व गुण मात्र चव आणि सजावट यांस द्यावयाचे, असे घडल्यास नवी कृती रचणारीचे श्रम मिठाच्या एका चिमटीने वाया जातात. तिची तक्रार केवळ शाब्दिक म्हणता येणार नाही. नावानेच तिला वेगळे आश्वासन दिलेले असते.

‘स्वयंपाक स्पर्धा’ हा प्रयोग त्या मानाने विरळा. स्पर्धेत प्रायः एखादा पदार्थ मागितला जातो: कडधान्याचा, उपवासाचा, गोडाचा. स्वयंपाकात वरण, भात, भाजी, पोळी सारेच येते, तेही रोज, वेळेवर आणि घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे. त्याचे परीक्षण टेबलावर मांडलेल्या एका बशीवरून कसे व्हावे?