मोहाचे फूल

जबलपूरहून आग्नेयेस मंडल्याच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला शेतांच्या बांधांवर आणि गावांच्या कडेला सुटी सुटी उभी असलेली मोठी, जुनी झाडे दिसतात. जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणताना माणसाने साग आणि ऐन यांवर कुऱ्हाड चालविली. मोहाला मात्र राखले. त्याचे कारण व्यवहारी होते. हे झाड नांगरणी-पेरणीवाचून अन्न देते.

मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष होय. फाल्गुन-चैत्रात, पानझड झालेल्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. फुलाचा दलपुंज मांसल, पिवळसर पांढरा आणि गोड रसाने भरलेला असतो. रात्री त्यासाठी वटवाघळे झाडावर गर्दी करतात आणि परागीभवनाचे काम त्यांच्याकडून आपोआप होऊन जाते. उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत फुले गळत राहतात. गळतो तो पुंकेसरांसह दलपुंज. स्त्रीकेसर देठाशीच राहते आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे फळ होते. ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. झाडाखालचे शेवटचे फूल उचलले, तरी झाडाचे वा फळाचे त्यात काहीच उणे होत नाही. इतकी निरुपद्रवी कापणी दुसऱ्या कोणत्या पिकाची होत असेल?

या फुलांवर हक्क सांगणारे मात्र अनेक. चितळ, सांबर, रानडुक्कर आणि विशेषतः अस्वल त्यांच्या वासाने झाडाखाली येतात. म्हणूनच एके काळी मोहाचे झाड ही शिकाऱ्याची दबा धरून बसण्याची ठरलेली जागा होती. मध्य प्रांतातील वनाधिकारी आणि नामांकित शिकारी कॅप्टन जेम्स फोर्साइथ यानेही १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वृक्षाची दखल घेतली आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांनी शिकारीचे ते पर्व संपविले. अस्वल राहिले. त्याची दृष्टी अधू असते. पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन वाकलेली बाई आणि खाली मान घालून फुले खाणारे अस्वल यांना एकमेकांची चाहूल लागते ती अगदी समोरासमोर आल्यावर. फुले वेचणाऱ्यांना जखमी केल्याच्या घटना मध्य प्रदेशात आणि विदर्भात या हंगामात घडत असतात. तरीही उजाडण्यापूर्वीच निघावे लागते. उशीर झाला, की फुले गुरांच्या पोटात जातात.

वेचलेली फुले अंगणात पसरून वाळविली, की तांबूस तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. गोंड आणि बैगा घरांत ती उकडून वा भाजून खाल्ली जातात. उत्तरेकडील बुंदेलखंडात भाजलेली फुले कुटून केलेल्या पदार्थाला ‘लाटा’ म्हणतात. बियांपासून निघणारे तेल थंडीत तुपासारखे थिजते. तेही स्वयंपाकात वापरले जाते. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर जिल्हा होरपळला, तेव्हा कोठ्या रिकाम्या झालेल्या घरांना रानातील अशाच अन्नाचा आधार होता. शहरातील माणसाला मात्र मोह म्हटले, की दारूच आठवते. सरकारची नजरही बराच काळ अबकारी उत्पन्नाची राहिली. मुंबई सरकारने तर १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. दारूवर लक्ष ठेवताना गरिबाच्या ताटातील जिन्नसच गुन्ह्याच्या कक्षेत आणला गेला, असेच म्हणावे लागेल.

वेचण्याने झाडाला धक्का लागत नसला, तरी वेचण्याच्या तयारीने लागतो. वाळलेल्या पाचोळ्यात फुले दिसत नाहीत, म्हणून हंगामाच्या आरंभी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन स्वच्छ करण्याची रीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावरची ही आग पुष्कळदा झाडाखालीच थांबत नाही. मध्य भारतातील वणव्यांच्या कारणांत तिची गणना होते. वणवा न पसरला, तरी मोहाची कोवळी रोपे तीत जळून जातात. तशी रोपे मुळात थोडीच उगवतात. बिया तेलासाठी वेचल्या जातात. उरतात त्यांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच नाहीशी होते. जी उगवतात ती गुरांच्या तोंडी पडतात. परिणामी बांधावर आजोबा-पणजोबांच्या काळचे वृक्ष उभे आहेत आणि त्यांच्यामागे तरुण झाड दिसत नाही. बीपासून वाढविलेल्या मोहाला फुले धरण्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो; त्यामुळे आजची तूट भरून येण्यास एक पिढी जावी लागेल.

मध्य प्रदेशात काही ठिकाणी आता झाडाखाली जमिनीपासून थोडी उंच जाळी बांधतात. फुले अलगद तीत पडतात, माती लागत नाही, आग लावण्याची गरज उरत नाही आणि खाद्य म्हणून विकताना त्यांना भावही बरा मिळतो. पण जाळीला पैसे पडतात. काडेपेटी जवळजवळ फुकट मिळते. ज्या घराच्या वाट्याला आठ-दहा झाडे आहेत, त्याने प्रत्येक झाडाखाली जाळी कोठून आणावी, हे त्या घराला विचारले पाहिजे.