उंदराची झोप आणि स्किझोफ्रेनिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज पहिला : झोप बिघडते ती आजारामुळे आलेल्या अस्वस्थतेने, गोळ्यांनी किंवा रिकामपणाने. ‘कानात आवाज येत असताना झोप लागणार कशी?’ आणि ‘कामावर जायचंच नाही, तर वेळेवर उठायचं कशाला?’ हे प्रश्न बिनतोड वाटतात. म्हणूनच ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० रुग्णांची तुलना निरोगी, पण बेरोजगार व्यक्तींशी केली. औषधं चालू होती, लक्षणं आटोक्यात होती, तरीही निम्म्या रुग्णांचं झोपेचं चक्र बाहेरच्या दिवस-रात्रीशी जुळत नव्हतं. म्हणजे दोष रिकामपणाचा नव्हे. औषधांवर सगळं ढकलणंही टिकत नाही. गाढ झोपेकडे जाताना मेंदूत सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तनांच्या लहरी उमटतात. ‘स्लीप स्पिंडल’ नावाच्या या लहरी औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांमध्ये आणि रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही कमी आढळल्या आहेत.

तरीही आधी काय बिघडतं, झोप की आजार, हे माणसांच्या निरीक्षणातून ठामपणे ठरत नाही. इथे उंदीर उपयोगी पडतो, आणि दुसरा गैरसमजही इथेच उभा राहतो : उंदराला स्किझोफ्रेनिया होतोच कुठे? हा आक्षेप एका अर्थी खरा आहे. उंदराला भास होतात का, हे विचारता येत नाही. पण प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे आजाराची नक्कल नव्हे; आजाराशी संबंधित एकच धागा ओढून काय उसवतं, हे त्यात पाहिलं जातं. ‘ब्लाइंड-ड्रंक’ हे झिंगल्यासारख्या चालीवरून नाव पडलेले उंदीर घ्या. चेतापेशींमधले रासायनिक संदेश सोडण्यासाठी लागणाऱ्या ‘स्नॅप-२५’ या प्रथिनाच्या जनुकात त्यांच्यात बदल असतो. त्यांना ना गोळ्या, ना नोकरीची चिंता. तरी त्यांची विश्रांती आणि हालचाल तुकड्यातुकड्यांत विखुरते. दिवस-रात्रीची लय राखणाऱ्या मेंदूतल्या घड्याळापर्यंत प्रकाशाचा संकेत नीट पोचत होता, घड्याळाची जनुकंही चालत होती. बिघाड पुढे जाणाऱ्या संदेशात होता. दुसऱ्या प्रयोगात, गर्भावस्थेच्या सतराव्या दिवशी ‘मॅम’ हे मेंदूची वाढ बिघडवणारं रसायन मिळालेल्या रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरांमध्ये) गाढ झोप खंडित झाली आणि स्मृती पक्की करणाऱ्या लहरींचा परस्परांशी मेळ सुटला.

उंदीर निशाचर, शिवाय दिवसभर तुकड्यांनी झोपणारा, म्हणून ही तुलना बाद, असं कुणी म्हणेल. ‘उंदीर किती तास झोपला’ याची माणसाशी तुलना केली, तर हा आक्षेप बिनचूक लागू पडतो. स्पिंडल मात्र दोघांतही थॅलॅमस आणि मेंदूचं बाह्यक यांच्या जोडणीतूनच निर्माण होतात. तुलना तिथे करायची असते.

तिसरा गैरसमज अतिउत्साहाचा : लहरी वाढवा, आजार हटेल. एस्झोपिक्लोन या झोपेच्या औषधाने रुग्णांतले स्पिंडल वाढले. स्मरणशक्ती मात्र अपेक्षेप्रमाणे सुधारली नाही. बहुधा लहरींच्या संख्येपेक्षा त्यांचा मेळ महत्त्वाचा, आणि रॅटमधला निष्कर्षही त्याच दिशेला बोट दाखवतो. उलट, ब्रिटनमधल्या ३,७५५ विद्यार्थ्यांच्या २०१७च्या चाचणीत निद्रानाशावर वर्तनोपचार दिल्यावर संशयग्रस्तता आणि भासही थोडे कमी झाले. ते विद्यार्थी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण नव्हते, त्यामुळे हा इलाज ठरत नाही. पण झोप हे निव्वळ लक्षण नाही, एवढं यातून दिसतं. म्हणून रुग्णाच्या झोपेची तक्रार ‘आजाराचाच भाग’ म्हणून बाजूला न सारता तिची स्वतंत्र तपासणी आणि उपचार व्हायला हवेत.