घरातली कोंबडी: पायाखाली फरशी, वर्तन मात्र रानातले

भर दुपारी दिवाणखान्याच्या गुळगुळीत फरशीवर कोंबडी अचानक एका कुशीवर पडते. डोळे अर्धवट मिटतात, पंख थरथरतात, पाय झाडले जातात, मान पुन्हा पुन्हा जमिनीवर घासली जाते. पाहणाऱ्यांना वाटते, तिला झटका आला. काही वेळाने ती उठते, अंग झाडते आणि काहीच घडले नसल्यासारखी चालू लागते. हा आजार नसतो, तर आंघोळ असते. फक्त त्या आंघोळीला लागणारी माती तिथे नसते.

शहरातील सदनिकेत कोंबडी येते ती बहुधा पिलाच्या रूपाने. बाजारात किंवा जत्रेत गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले विकली जातात आणि मुलांच्या हट्टापायी त्यांतले एखादे घरी पोहोचते. खोक्यातले पिल्लू वाढून पूर्ण पक्षी होतो, तेव्हा त्याच्या वागण्याचा अर्थ घरच्यांना लागेनासा होतो. पडद्यावर चढणे, गालिचा उकरणे, कपाटात दडून बसणे, मुलांच्या पायांना टोचणे या गोष्टी कधी खोडी ठरतात, तर कधी आजार. वस्तुतः यातील बहुतेक वर्तन निरोगी कोंबडीचेच असते. त्याला वाव मिळाला नाही, तर मात्र पक्षी खरोखर आजारी पडतो.

रानाचा वारसा

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य व ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे आग्नेय आशियाच्या जंगलांत तो आजही आढळतो. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात दिसणारा राखी रानकोंबडा ही त्याची भावकीतली वेगळी प्रजाती. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा जनुक या राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेषांवरून पाळीव कोंबडीचा निश्चित पुरावा इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळापर्यंत मागे जातो. तेव्हापासून माणसाने निवड करून कोंबडीचे रूप आणि उत्पादन पार बदलून टाकले. रानातील मादी विणीच्या हंगामात मोजकी अंडी घालते, तर व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊ शकते. मात्र उकरणे, धूळ अंगावर घेणे, रात्री उंचावर बसणे आणि आडोशाला अंडे घालणे हे चार मूळ स्वभाव त्या निवडीतून पुसले गेले नाहीत. ज्या पिलाने आईला कधी पाहिलेले नसते, जे यंत्रात उबवले गेले, तेही पहिल्या काही दिवसांतच पायांनी जमीन उकरू लागते.

भरल्या वाटीपुढेही शोध सुरूच

प्राणिवर्तनाच्या अभ्यासक मरियन डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयात मोकळ्या वावरणाऱ्या रानकोंबड्यांची निरीक्षणे १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पक्ष्यांना नियमित खाद्य दिले जात होते. तरीही दिवसातील ६० टक्के मिनिटांत ते जमिनीवर चोच मारताना आणि सुमारे एक तृतीयांश मिनिटांत पायांनी जमीन उकरताना आढळले. अन्न शोधणे ही कोंबडीची स्वतंत्र गरज आहे आणि पोट भरल्याने ती संपत नाही.

घरात या गरजेला वाट मिळाली नाही, की चोच वळते ती गालिचाचे धागे, भिंतीचा रंग, स्क्रू, विजेच्या तारा आणि थर्माकोल यांकडे. गिळलेला धातूचा तुकडा किंवा लांब धागा पोटात अडकून जीवघेणा ठरू शकतो. एकत्र ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, त्यामागेही अनेकदा हीच कोंडी असते. तिला दटावून उपयोग होत नाही. पसरट पेटीत कोरडा पाला, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा घालून त्यात मूठभर दाणे विखुरले, उंचावर पालेभाजीची जुडी टांगली, की तीच चोच योग्य कामाला लागते. कोंबडीला दात नसतात, तिचे अन्न पोटातील स्नायुमय पेषणीत दळले जाते. त्यासाठी बारीक खडेही लागतात आणि ते घरात आपोआप मिळत नाहीत.

मातीची आंघोळ

खेड्यात राखेच्या ढिगात किंवा उकिरड्याच्या कडेला खड्डा करून लोळणारी कोंबडी हे नित्याचे दृश्य. कोंबडी साधारण दिवसाआड, बहुधा दुपारच्या सुमारास अशी आंघोळ करते आणि तिला सुमारे अर्धा तास लागतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल ती चोचीने पिसांना लावते. ते शिळे झाले, की धूळ ते शोषून घेते, पिसे पुन्हा मोकळी होतात आणि उवा-पिसवांसारख्या परजीवींनाही आळा बसतो.

ही ऊर्मी इतकी खोल असते, की माती नसतानाही कोंबडी आंघोळीच्या सगळ्या हालचाली करते. तारेच्या पिंजऱ्यातील कोंबड्यांमध्ये हे वर्तन अभ्यासकांनी नोंदवले आहे. फरशीवरचा तो ‘झटका’ हेच असते. मात्र या कोरड्या आंघोळीने पिसे स्वच्छ होत नाहीत. कोंबडी आत बसून वळू शकेल अशा टबात कोरडी माती आणि वाळू घालून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. खऱ्या झटक्यात पक्षी हाक मारल्यावर भानावर येत नाही, त्याचा तोल जातो किंवा मान वाकडी राहते. अशा वेळी पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये.

अंड्यासाठी आडोसा

अंडे घालण्यापूर्वी कोंबडी अस्वस्थ होते. खोल्याखोल्यांतून फिरते, लांबट कण्हल्यासारखा आवाज काढते, पलंगाखाली, कपाटात, धुण्याच्या टोपलीत डोकावते. तिला अंधारी, एकांताची, मऊ जागा हवी असते. भुसा घातलेले खोके किंवा टोपली कोपऱ्यात कायम ठेवली, की हा शोध थांबतो. अंडे घालून झाल्यावरचा कलकलाटही स्वाभाविकच.

एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एखादा दिवस खाडा पडतो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, मात्र त्यातून पिल्लू निघत नाही. कोंबडी शेपूट खाली टाकून, अंग ताठ उभे धरून वारंवार जोर करत असेल, खात नसेल आणि अंडे बाहेर येत नसेल, तर अंडे अडकल्याची शक्यता असते. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.

काही कोंबड्या अंड्यावरून उठतच नाहीत. पिसे फुलवून बसतात, हात लावला की टोचतात. गावाकडे अशा कोंबडीला ‘खुडूक’ म्हणतात. अंडे उबवण्यास लागणारे २१ दिवस बसून राहण्याची ही प्रेरणा रिकाम्या टोपलीतही जागी होते आणि त्या काळात कोंबडी जेमतेम खाते. अंडी वेळच्या वेळी उचलणे आणि तिला काही दिवस उजेडाच्या, खेळत्या हवेच्या जागी ठेवणे एवढे पुरते. पाण्यात बुडवण्यासारख्या उपायांनी तिला केवळ त्रास होतो.

उंची, अंधार आणि पहाट

दिवस मावळू लागला, की कोंबडी उंच जागा शोधते. रानात झाडाची फांदी तिला कोल्ह्या-मुंगसांपासून वाचवते. घरात तिची जागा पडद्याची दांडी किंवा कपाटाचा माथा घेतो. तिथून कठीण फरशीवर वारंवार उडी मारल्याने तळव्याला इजा होऊन गळू होऊ शकते. कमी उंचीवर सुमारे दीड-दोन इंच रुंदीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी अधिक सुरक्षित.

कोंबडीचे शरीर उजेडाच्या घड्याळावर चालते. दिवस मोठा असेल तर अंडी वाढतात, लहान झाला की घटतात आणि जुनी पिसे गळून नवी येतात. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दूरचित्रवाणी संच सुरू असलेल्या घरात तिची झोप मोडते, म्हणून तिचा कोपरा रोज ठरल्या वेळी अंधारा होणे गरजेचे.

बाजारातली रंगवलेली पिल्ले अनेकदा अंडी देणाऱ्या जातींमधून वेगळी काढलेले नर असतात. वाढीला लागल्यावर ते आरवू लागतात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. कोंबडा झाकला म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. झाकल्याने आरवण्याची ऊर्मीही जात नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमारास आरवतात. ही प्रेरणा त्यांच्या शरीरातील घड्याळातून येते.

एकटेपणा आणि भीती

कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात मांडले. घरात एकटीच असलेली कोंबडी माणसांनाच आपला कळप मानते. ती मागे मागे फिरते, कोणी दिसेनासे झाले की ओरडते, लहान मुलांना टोचून आपली जागा ठरवू पाहते. हे प्रेम वाटले, तरी त्यात एकटेपणाचाही भाग असतो. म्हणून कोंबड्या पाळायच्याच असतील, तर किमान दोन असाव्यात.

सर्वाधिक गैरसमज होतो तो शांतपणाबद्दल. कोंबडीला उताणे करून धरले, की ती निश्चल होते. अनेकांना तो विश्वास किंवा गुंगी वाटते. प्रत्यक्षात शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर जिवाच्या भीतीने येणारी ती जडता आहे. तिचा खेळ करणे म्हणजे पक्ष्याला पुन्हा पुन्हा मरणाची भीती दाखवणे. याउलट पाठीवर हात नेताच पंख किंचित पसरून दबून बसणे, ही अंडी देण्याच्या वयात आलेल्या मादीची नैसर्गिक प्रतिक्रिया असते. आजारी कोंबडी दुखणे लपवते. त्यामुळे खाणे, उकरणे, आंघोळ यांपैकी एखादी नेहमीची गोष्ट थांबली, तर तीच पहिली सूचना समजावी.

घराच्या मर्यादा

कोंबडी दिवसभर थोड्या थोड्या वेळाने विष्ठा टाकते. त्यातली अधूनमधून येणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा सर्वसाधारण असते, ती हगवण नव्हे. मात्र निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे, स्वयंपाकघरापासून पक्ष्याला दूर ठेवणे आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याला कवटाळू न देणे आवश्यक ठरते. अती तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूरही पक्ष्याच्या फुप्फुसांना घातक असतो.

देशात पाळीव कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. साथीच्या काळात घरातील कोंबडीलाही कावळे, कबुतरे यांच्या संपर्कापासून जपावे लागते. अचानक मृत्यू झाल्यास पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

कोंबडीला रोज काही तास माती, ऊन आणि दुसऱ्या कोंबडीची सोबत देता येत असेल, तर ती घरात समाधानाने जगू शकते. ते शक्य नसलेल्या सदनिकेत पिल्लू आणणे म्हणजे रानातल्या पक्ष्याला आयुष्यभर कोरडी आंघोळ करायला लावणे होय. हा विचार पिल्लू खोक्यातून घरी येण्यापूर्वीच झालेला बरा.