तळाशी बसणारा थर

नांदेडला 17 सप्टेंबर 1994 रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्यानंतरच्या तीस वर्षांत नांदेड-लातूरकडे औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण वाढलं आणि जवस, मेथी, जास्वंद यांचे केसांसाठीचे जेल हा विद्यार्थी-प्रकल्पांचा नेहमीचा विषय झाला. शेतात मात्र जवसाचा पेरा घटत गेला. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने एलएसएल-93 सारखा वाण दिला, तरी खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हीच जोडी शेतकऱ्याला परवडली. या काळाकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकते. जवसाचा रस किती दाट होतो हे आपण मोजत राहिलो. तो शाम्पूतले न विरघळणारे कण धरून ठेवतो का, हे फारसं विचारलंच नाही.

कोंड्यावरच्या शाम्पूतलं झिंक पायरिथिऑन पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा बरंच जड असतं. नुसत्या दाट द्रावात असे कण सावकाश का होईना, खाली उतरतातच. महिन्याभराने बाटली उलटी केली की पांढरा थर तळालाच चिकटलेला दिसतो. कण जागच्या जागी राहायचे तर स्थिर द्रावात जाळी हवी, आणि बाटली दाबताच ती मोडायला हवी. झँथन आणि 1978 मध्ये सापडलेला जेलन हे जिवाणूंपासून मिळणारे डिंक अगदी थोड्या मात्रेत हे काम करतात. जवस पाण्यात उकळून फडक्यातून गाळला की तार धरणारा रस निघतो, पण त्याची जाळी कमकुवत असते. शिवाय त्यातला आम्लधर्मी भाग मिठाने पातळ होतो, आणि शाम्पूत मीठ बहुतेकदा असतंच.

मग जवस सोडूनच द्यायचा का? नाही. कण धरण्याचं काम झँथनकडे आणि केस विंचरताना लागणारा गुळगुळीतपणा जवसाकडे, अशी वाटणी करता येते. नैसर्गिक म्हणून तो आपोआप निर्धोकही ठरत नाही. परिरक्षक नसेल तर हा रस काही दिवसांत आंबतो. शेतकऱ्याला यातून भाव मिळेल, ही आशा मलाही मोलाची वाटते. पण 2012 मध्ये अमेरिकेतल्या तेल-वायू विहिरींना लागणाऱ्या गवार डिंकाच्या मागणीने गवारबियांचे भाव गगनाला भिडले आणि पुढे कोसळले, हे राजस्थानने सोसलं आहे. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती: जवसाच्या जेलला उत्तम म्हणण्याआधी त्यात कण घाला, मीठ घाला, बाटली 40 अंशांवर सहा महिने उभी ठेवा आणि तळ पाहून मगच निष्कर्ष लिहू द्या.